खिडकीबाहेर काहीच नसते तेव्हा

आमच्याकडे गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहणे हा विरंगुळा कधीच नव्हता. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात माझे गाव आहे आणि त्या भागातली माणसे एसटीत किंवा रेल्वेत खिडकीशी बसली की त्यांची नजर हिशेबाला लागते. कोणाचा कापूस वेचून झाला, कोणाच्या तुरीने फूल धरले, सोयाबीन पिवळे दिसते ते पक्व होऊन की मुळाशी पाणी साचून, ज्वारीची पेर साधली की जमिनीत पेरणीजोगा वाफसा न आल्याने राहिली, ही सगळी नोंद धावत्या गाडीतून होते आणि उतरल्यावर ती तोंडी सादर करावी लागते. घरात पाऊल टाकल्यावर प्रवास कसा झाला असे कोणी विचारत नाही. ‘रस्त्यानं पाऊस कुठवर होता?’ असे विचारतात. मनमाड सुटले की माझे वडील वर्तमानपत्राची घडी घालून ठेवत. नगरसोल, रोटेगाव, लासूर या स्थानकांपर्यंत ते स्वस्थ असत, कारण तो मुलूख त्यांना आपला वाटत नसे. दौलताबाद मागे पडले, जालना गेले आणि परतूर जवळ आले की मात्र त्यांच्या चेहऱ्यावर कोरडवाहू शेतकऱ्याची काळजी उमटे. शेजारच्या अनोळखी माणसाशी त्यांचे बोलणे सुरू होई तेही याच विषयावर, आणि तो माणूस व्यापारी असो की शिक्षक, त्यालाही या विषयात ठाम मत असे.

ही सवय माझ्यातही उतरली आहे, आणि ती किती खोलवर उतरली आहे याचा अंदाज मला मुंबईत भुयारी मेट्रोने रोज कामाला जाऊ लागल्यावर आला.

मी मरोळला राहते आणि वरळीला नोकरी करते. पूर्वी हा प्रवास तीन तुकड्यांचा होता: मरोळ नाक्यावरून वर्सोवा–घाटकोपर मार्गावरची, खांबांवरून धावणारी मेट्रो अंधेरीपर्यंत, तेथून पश्चिम रेल्वेची लोकल, आणि उतरल्यावर मिळेल ते वाहन. मग मुंबईची पहिली पूर्णतः भुयारी म्हणावी अशी मार्गिका, म्हणजे मेट्रो 3, टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, मे 2025 मध्ये पुढे आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर 2025 मध्ये थेट कफ परेडपर्यंत. एकूण लांबी साडेतेहतीस किलोमीटर, स्थानके 27, आणि आरेचे एक स्थानक सोडले तर बाकीची सगळी जमिनीखाली. मरोळ नाक्याला सरकत्या जिन्याने खाली उतरायचे आणि वरळीला पुन्हा वर यायचे, यात अर्धा तासही जात नाही. मधल्या काळात वर विमानतळ येतो, सांताक्रूझ येते, मिठी नदी येते, धारावी येते, दादर येते. यातले काहीही मला दिसत नाही. डब्यातली बाके दोन्ही भिंतींना लागून असल्यामुळे खिडकी पाठीशी असते, आणि समोरच्या खिडकीकडे पाहिले तर बाहेरच्या अंधारामुळे काचेचा आरसा झालेला असतो. त्यात समोर बसलेल्यांची डोकी आणि त्यांच्या मधल्या फटींतून आपलाच चेहरा दिसतो.

पहिले काही आठवडे मी त्या काळ्या काचेकडे उगाचच पाहत असे. लोकलच्या खिडकीतून मुंबईतही मला काही ना काही हिशेब करायला मिळत होता. रुळांकडे पाठ करून उभ्या असलेल्या इमारती, त्यांच्या गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे, माहीमच्या खाडीला भरती आहे की ओहोटी, रुळांलगतच्या पट्ट्यांत लावलेली पालेभाजी, जिच्याकडे पाहून मी सवयीने मनातल्या मनात तिच्या पाण्याची चौकशी करीत असे. भुयारात नजरेला असा कोणताच आधार राहिला नाही. आपण पुढे जात आहोत हेही केवळ कंपनावरून आणि दारावरच्या पट्टीवर सरकणाऱ्या दिव्यावरून समजून घ्यायचे. ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी ही नावे पुढे ऑक्टोबरात त्या पट्टीवर उजळली, तेव्हा ज्या वस्त्यांतून पायी चालताना माणसाला खांदा वाचवत जावे लागते, त्या आपल्या डोक्यावर आहेत हे मान्य करणेच मला जड गेले.

खिडकीतून दिसण्यासारखे काहीच नसेल, तर खिडकी हवी कशाला, हा प्रश्न मला पडला तसा तो सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधल्या अभियंत्यांनाही पडला होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर सरळ तर्काने दिले होते. लंडनची पहिली भुयारी रेल्वे 1863 च्या जानेवारीत सुरू झाली. ती रस्ता उकरून, त्यात रूळ टाकून आणि वरून छत घालून बांधलेली होती, फारशी खोल नव्हती आणि तिला वाफेची इंजिने ओढत असत. 1890 मध्ये सुरू झालेली सिटी अँड साउथ लंडन रेल्वे मात्र खऱ्या अर्थाने खोल भुयारातली आणि विजेवर चालणारी होती. तिच्या डब्यांना बांधणाऱ्यांनी वर छताजवळ नावापुरत्या अरुंद फटी ठेवल्या आणि बाकी भिंतींना गाद्या लावून टाकल्या, कारण भुयारात पाहण्यासारखे काही नाही आणि स्थानकाचे नाव गाडीतला नोकर पुकारणारच आहे. लोकांनी त्या डब्यांना वेड्यांच्या इस्पितळातल्या गाद्या लावलेल्या कोठड्यांची उपमा देऊन टाकली. नंतरच्या डब्यांना खिडक्या आल्या. बाहेर अंधारच असला तरी माणसाला तो पाहण्याची मुभा हवी असते, हे त्या कंपनीला अनुभवाने शिकावे लागले. आपल्याकडे कोलकात्यात ऑक्टोबर 1984 मध्ये देशातली पहिली मेट्रो धावली, त्यानंतर दिल्लीची आली, आणि सप्टेंबर 2024 पासून पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंत मुठेच्या आणि पेठांच्या पोटातून गाडी जाते. या सर्व गाड्यांना मोठमोठ्या काचा आहेत आणि भुयारात त्या सर्व काचा काळ्याच असतात.

भुयारात दिशा हरवते ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, आणि ती खरी आहे. लोकलमधून जाणाऱ्याला समुद्र कोणत्या बाजूला आहे हे न पाहताही ठाऊक असते. भुयारी स्थानकातून वर येणारा माणूस मात्र क्षणभर रस्त्यावर उभा राहून स्वतःभोवती फिरतो आणि मग एखादी ओळखीची पाटी शोधतो. आमच्या मुलखात ही युक्ती शत्रूसाठी राखून ठेवलेली होती. देवगिरीच्या किल्ल्यात खडक पोखरून केलेली जी अंधारी आहे, तिच्या वळणांचा आणि चढउतारांचा हेतूच मुळी आत शिरलेल्या माणसाला आपण कोठे चाललो आहोत हे कळू नये हा होता. शाळेच्या सहलीत आम्ही ती भिंतीला हात लावत, एकमेकींच्या ओढण्या धरून पार केली होती. मेट्रोत मात्र कोणालाच घाबरायला होत नाही, कारण दिशा ओळखण्याचे काम प्रवाशाकडून काढून घेतलेले आहे. तेवढ्यात शरीर आपली वेगळी ओळख तयार करते. विमानतळाच्या स्थानकावर सामानाच्या चाकांचा आवाज येतो. सिद्धिविनायकला मंगळवारी डब्यात फुलांचा आणि नारळाचा वास शिरतो. एखाद्या ठराविक वळणावर उभी असलेली सगळी माणसे एकाच अंगाला झुकतात, आणि त्या झुकण्यावरून पुढचे स्थानक कोणते हे मला आता पुस्तकातून मान वर न काढता कळते. जगातल्या जुन्या भुयारी मार्गांवर गाडी येण्याआधी फलाटावर वारा येतो, कारण बोगद्यातली हवा गाडीपुढे ढकलली जाते. आमच्या मार्गिकेवर फलाटाच्या कडेला छतापर्यंत काचेची दारे आहेत, त्यामुळे तो वारा अंगावर येत नाही. ती दारे अपघात टाळण्यासाठी आणि गारवा टिकवण्यासाठी आहेत, आणि त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे मला काहीच कारण नाही. गाडीची चाहूल लागण्यातली मौज मात्र त्यांनी काढून घेतली.

लोकलच्या आठवणीने गहिवरणारे लेखन बरेच होते. त्या डब्यांतली भजने, भाजी निवडणाऱ्या बायका, ठरलेल्या गाडीचे ठरलेले गट, हळदीकुंकू आणि दसऱ्याला गाडीची पूजा, हे सगळे खरे आहे आणि त्यातल्या काही गोष्टींत मीही सामील होते. मेट्रोत ते नाही. तेथे बहुतेकजण कानात बोंडे घालून बसतात, शेजारी रोज तीच बाई असली तरी एकमेकींचे नाव विचारले जात नाही आणि डबा उघडून खाण्यास मनाई आहे. तरीही लोकलची गर्दी ज्यांनी छातीवर झेललेली आहे, दारातून पडलेल्या माणसाभोवती जमलेला घोळका ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी मेट्रोतल्या अबोल्याची फार खंत करू नये असे माझे मत आहे. भजन ऐकू येत नाही हा तोटा आहे. पण संध्याकाळी घरी पोचल्यावर मुलाशी बोलण्याइतके त्राण अंगात शिल्लक असते, ही बाजू तराजूत टाकल्यावर मला फारसा विचार करावा लागत नाही.

मात्र त्या काळ्या काचेचा माझ्यावर झालेला खरा परिणाम मला सप्टेंबर 2025 मध्ये कळला. त्या महिन्याच्या उत्तरार्धात मराठवाड्यातील बहुतेक जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. वर्षानुवर्षे टँकरच्या खेपा मोजणाऱ्या गावांत घरांत पाणी शिरले, उभे सोयाबीन पाण्यात गेले, कापसाची बोंडे झाडावरच सडली आणि नद्यांच्या काठची जमीन खरवडून गेली. जायकवाडीतून मोठा विसर्ग सुटला आणि गोदाकाठची गावे रात्री जागून काढू लागली. आमचे शेत ओढ्याच्या काठाला आहे. भाऊ रोज सकाळी छायाचित्रे पाठवीत असे आणि मी ती मरोळच्या फलाटाकडे उतरता उतरता पाहत असे. मग गाडी भुयारात शिरे, बोलणे चालू असेल तर आवाज तुटे, आणि वरळीला वर येईपर्यंत मला काहीही करता येत नसे. फोन करता येत नसे, तलाठ्याने पंचनामा केला का हे विचारता येत नसे, आभाळाकडे पाहून मुंबईत पडतो तो पाऊस तिकडे सरकेल का असला निरर्थक अंदाजही बांधता येत नसे. त्या अर्ध्या तासात मी कोणाचीही मुलगी, बहीण किंवा सातबाऱ्यावरचे एक नाव नव्हते. समोरच्या काचेत दिसणाऱ्या दहा-बारा चेहऱ्यांतला एक चेहरा, एवढेच माझे अस्तित्व होते.

ही अवस्था मला हवीशी वाटत होती, हे मी येथे लपवणार नाही. गावाकडच्या संकटाच्या दिवसांत स्वतःच्या सुटकेविषयी लिहिणे बरे दिसत नाही, आणि ज्यांना अशी सुटका मिळण्याची सोय नव्हती त्यांच्यासमोर तर ते उच्चारूही नये. तरी जन्मभर खिडकी हे कर्तव्य म्हणून सांभाळलेल्या माणसाला बाहेर काहीच न दिसणारी गाडी मिळाली, तर तो तिच्यात थोडा विसावतो, ही वस्तुस्थिती आहे. माझ्या वडिलांना असा अर्धा तास कधी मिळाला नसेल. परभणीपासून मुंबईपर्यंतच्या त्यांच्या वाटेवर कसाऱ्याच्या घाटातले बोगदे आणि ठाण्याच्या अलीकडचा पारसिकचा बोगदा, एवढाच काय तो अंधार होता, आणि तोही ते डब्यातल्या मुलांना ‘आता बोगदा येणार’ असे सांगण्यात घालवीत. मुंबईत वाढलेल्या माझ्या मैत्रिणींना ही गोष्ट समजावून सांगणे अवघड जाते. त्यांना भुयारातली अर्ध्या तासाची वेळ वाया गेलेली वाटते. जिच्यावर कुठल्याही दृश्याचा हक्क नाही अशी वेळ माणसाला क्वचितच मिळते, असे मी त्यांना म्हणून पाहिले. त्यांनी माझ्याकडे ‘लेखिका झाली’ अशा नजरेने पाहिले आणि विषय बदलला.

दिवाळीत गावी गेले तेव्हा या भुयारी गाडीची चौकशी सर्वांत बारकाईने कोणी केली असेल तर ती माझ्या मामांनी. मामांचे आयुष्य विहिरींत गेले. तरुणपणी ते पहार आणि सुरुंगाच्या दारूने विहिरी खोदत, पुढे कॉम्प्रेसर आला, दगड वर काढायला यारी आली, आणि बोअरच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्यावर त्यांचा धंदा उतरला, तरी विहिरीची जागा पाहायला आजही त्यांना बोलावणे येते. ओसरीवर बसून त्यांनी मला उलटतपासणीला घेतले.

“किती परस खोल हाय?”

बहुतेक ठिकाणी वीस ते पंचवीस मीटर, असे मी सांगितले. त्यांनी मनाशी फूट केले, मग परस, म्हणजे पुरुषभर उंचीची मापे, केले आणि मान हलवली. “म्हंजी बारा-तेरा परस. आपल्या पांदीच्या विहिरीच्या दुप्पट. मंग पाषाणातच असंल सगळं.”

ते बरोबर होते. मुंबईच्या भुयाराचा मोठा भाग ज्या बेसॉल्टमधून आणि त्याच कुळातल्या इतर ज्वालामुखीजन्य खडकांतून गेला आहे, तो दख्खनचा काळा पाषाणच; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला आणि तोच परभणीच्या काळ्या मातीखाली, मुरमाच्या खाली, पसरलेला आहे. वेरूळला त्याच दगडात माणसांनी छिन्नी चालवून 34 लेणी कोरली, आणि सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे तर आठव्या शतकात डोंगराच्या माथ्यापासून खाली उतरत कोरले. मेट्रोची बहुतेक स्थानकेही वरून खाली खणत नेलेली आहेत. त्यांना जोडणारे दोन समांतर बोगदे मात्र यंत्रांनी आडवे कोरले. अशी 17 यंत्रे या मार्गिकेवर लावली होती, आणि त्यांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावे दिलेली होती: वैतरणा, तानसा, सूर्या, कृष्णा, वैनगंगा, गोदावरी. मरोळच्या बाजूने खडक फोडत निघालेले यंत्र गोदावरीच होते, आणि 2018 च्या सप्टेंबरात विमानतळाच्या स्थानकात बाहेर पडून त्याने या मार्गिकेवरचा पहिला बोगदा पुरा केला. मामांना हे ऐकवले तेव्हा घरात गोदेच्या पुराच्या गप्पा अजून ताज्या होत्या, त्यामुळे ते हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “पाणी लागलं नाही व्हय?”

पाणी लागलेच असणार, हे त्यांना ठाऊक होते. पाषाण स्वतः पाणी सोडत नाही; पण त्याच्या भेगांतून, थरांच्या सांध्यांतून आणि मुरमाच्या पट्ट्यातून झरे फुटतात, आणि मामांनी आयुष्यभर तेच तर शोधले. आमच्याकडे बोअरची गाडी रात्रभर घुमते, शेजारीपाजारी शेकोटी करून बसतात, आणि पहाटे नुसता फुफाटा उडाला तर त्या घरावर कर्जाचा आणखी एक थर चढतो. पाणी लागले तर नारळ फुटतो. मुंबईत भुयार खणताना त्याच पाण्याला अडवायचे असते. यंत्र पुढे सरकते तसे त्याच्या पाठीमागे काँक्रीटचे वक्राकार तुकडे जोडून गोल कडे बसवत जातात, तुकड्यांच्या सांध्यांत रबरी पट्ट्या असतात, कड्याच्या आणि खडकाच्या मधली पोकळी सिमेंटच्या मिश्रणाने भरून टाकतात, आणि एवढे करूनही जे पाणी आत झिरपते ते सखल जागी केलेल्या खड्ड्यांत गोळा करून पंपाने वर फेकतात. पावसाचे पाणी वरून आत येऊ नये म्हणून स्थानकांची प्रवेशद्वारे रस्त्यापेक्षा उंच बांधतात. तरीही 26 मे 2025 रोजी मुसळधार पावसात, आचार्य अत्रे चौक स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नसताना, बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गाकडून तेथे पाणी शिरले आणि त्या टोकाची गाडी काही काळ वरळीपर्यंतच चालवावी लागली. वर्तमानपत्रात त्याची छायाचित्रे आली होती. ती मामांनीही पाहिली होती.

“बारा परसावर झरा लागला,” मामा सावकाश म्हणाले, “अन् त्या लोकायनी त्याला बूच मारलं. वरून पंप लावून भाईर फेकलं.” मग बराच वेळ ते सुपारी कातरत राहिले. मला वाटले, आता मुंबईच्या उधळेपणावर व्याख्यान होणार. पण ते म्हणाले, “बरं केलं. गाडीच्या वाटंत पाणी कशाला पायजे? पाण्याच्या वाटंत माणूस जातो तवा मरतो, हे यंदा पाह्यलंच की आपण.”

त्यांच्या त्या बोलण्याने माझ्या मनात घोळत असलेली एक सोयीस्कर तुलना मोडून पडली. मराठवाड्यात जमिनीखाली पाणी शोधतात आणि मुंबईत जमिनीखाली वेळ शोधतात, असे काहीसे वाक्य मी या लेखासाठी जमवत आणले होते. मामांना मात्र भुयार म्हणजे भुयार. ते कशासाठी आहे यावरून त्यात पाणी असावे की नसावे हे ठरते. खुद्द आमच्या मुलखात हे ज्ञान जुने आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर आणली तीही जमिनीखालूनच. डोंगरपायथ्याचे झरे अडवून ते पाणी भुयारी नळांतून, अधूनमधून हवेसाठी उभे झरोके ठेवून, केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत पोचवलेले. तिच्यात माणूस उतरे तो गाळ काढायला. भुयार एकच, त्यातून पाणी न्यायचे की माणूस, हे आधी पक्के करावे लागते, एवढाच मामांचा मुद्दा होता.

त्यांचे दोन पुतणे पुण्यात नोकरीला आहेत आणि दिवाळीला तेही आले होते. त्यातला धाकटा रोज स्वारगेटहून भुयारी गाडीने जातो. मी त्याला काळ्या काचेविषयी विचारले तर तो गोंधळला. तो खिडकीकडे पाहतच नाही. जमिनीखाली असो, जमिनीवर असो, त्याची नजर हातातल्या पडद्यावर असते. गावी येतानाही तो पुण्यापासून सेलूपर्यंत तसाच आला होता, आणि दिवसाउजेडी आला होता. त्याच्या आईने सवयीने विचारले की बीडच्या पुढे तुरी उभ्या आहेत की गेल्या, तेव्हा त्याने खरे काय ते सांगितले, की त्याने पाहिले नाही. मला त्याचा राग आला नाही. त्यांची जमीन गेल्या काही वर्षांपासून बटईने दिलेली आहे, हिशेब ठेवणारा दुसरा आहे, आणि ज्या शेताचे नुकसान आपल्या अंगावर येत नाही त्याकडे वेगात जाणाऱ्या गाडीतून नुसते पाहत राहण्याची शिस्त कोणी कोणावर लादावी? माझ्या भावाचेही आता तेच चालले आहे. खरवडून गेलेल्या तुकड्यावर गाळ आणून टाकायचा की सगळीच जमीन बटईने देऊन मोकळे व्हायचे, यावर दिवाळीचे चारही दिवस घरात बोलणे होत राहिले. ती दिली गेली, तर परतीच्या तपोवन एक्सप्रेसमध्ये खिडकीशी बसण्याचे माझे कारण निम्म्याने कमी होईल, आणि मरोळ–वरळीच्या अर्ध्या तासात मला जी सुटका मिळते तिचीही तितकीशी गरज उरणार नाही. या दोन्ही गोष्टी एकमेकींना किती घट्ट बांधलेल्या आहेत हे मला तोपर्यंत जाणवले नव्हते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मामा मला पांदीच्या विहिरीवर घेऊन गेले. पुराच्या पाण्याने तिचा एक काठ ढासळला होता आणि त्यांना तो मला दाखवायचा होता. आमच्याकडे प्रत्येक विहिरीशेजारी तिच्यातून निघालेल्या दगडमुरमाचा ढीग असतो. वर्षे उलटली की त्यावर बाभळी येतात, शेळ्या चढतात, मुले घसरगुंडी करतात. पण जाणता माणूस त्या ढिगाच्या थरांवरून खाली काय काय लागले ते सांगतो, कारण शेवटी निघालेला पाषाण नेहमी सर्वांत वर पडलेला असतो. मामांनी त्या ढिगावर उभे राहून मला मुंबईविषयी शेवटचा प्रश्न विचारला. साडेतेहतीस किलोमीटर, दोन दोन बोगदे, वर सव्वीस स्थानकांचे खड्डे, एवढा दगड काढला तो टाकला कुठे?

रात्रीच्या डंपरांनी शहराबाहेर नेऊन जुन्या खाणींत आणि भरावाच्या जागी टाकला, असे मी सांगितले. ते खोदकाम चालू असताना मरोळला रात्री झोप लागत नसे ती त्या डंपरांमुळेच, हेही सांगितले. गाडीच्या डब्यातून खडक कोठेही दिसत नाही, काँक्रीटची कडी आणि त्यावरून गेलेल्या केबली तेवढ्या दिव्याच्या उजेडात कधी क्षणभर दिसतात, आणि स्थानकांच्या भिंतींना तर चकचकीत फरशा आहेत, हे ऐकून ते नाराज झाले. मी त्यांना मुंबईला येण्याचा आग्रह केला. आरेपासून कफ परेडपर्यंत एका दमात नेते, असे मी म्हणाले. हरभऱ्याला पाणी देऊन झाले की येतो असे त्यांनी कबूल केले आहे, पण त्यांची अट कायम आहे.

“गाडीत बसीन. पण आधी तो ढीग दाखव मला. दगड पाह्यल्याबिगर म्या कोन्त्याच विहिरीत उतरलो नाही.”